हिरवा ठिपका

पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्याकडे.
कधी पहाटे, कधी भर दुपारी,
आज अकरा वाजून चाळीस मिनिटांनी,
मी पुण्याच्या साहेबांना
नामंजूर विमा दाव्यांचा तक्ता दाखवत असताना.

"नीळ्ळु वच्चिनाय!"
येमुलांच्या सुनेची हाक बोळाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली.
नळात आधी हवा खोकली,
मग घागरींनी घागरींना ढकललं.
साहेब म्हणाले, हैमवती, तिकडे काही झालंय का?
नाही सर, शेजारी लग्न आहे.

माझं ऑफिस म्हणजे शिलाई मशीनची फळी,
मागे खिळ्यांना टांगलेली मोराची चादर,
कॅमेऱ्यापुरती.
चादरीमागे गॅस, गॅसवर डाळ.
डाळीच्या शिट्ट्या मी मोजत नाही, साहेब मोजतात.
भिंतीपलीकडे बिटलांचे चार माग,
खटाक् खटाक्
माझ्या प्रत्येक वाक्यातून टॉवेल विणत जातात.
आता सवय झाली,
दोन खटाकांमधल्या फटीत मी शब्द सरकवते.
लाइट गेली की माग थांबतात
आणि वायफायही.
ती शांतता काही कामाची नाही.

उंबऱ्यात अम्मा.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
गुडघ्याशी ओल्या फडक्यात पानं.
फर्मा ठेवायचा, कापायचं, चिमूट, वळण,
दोरा, टोक मुडपायचं.
आठशे झाल्या की दिवस झाला.
चाळीस वर्षं ती घरात बसूनच कामाला जाते.
मी जन्मले त्या दिवशी सहाशेवर दोरा थांबला,
उरलेल्या दोनशे तिसऱ्या दिवशी भरून दिल्या.
हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसते.
हिशोब असतो.

माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो.
पाच मिनिटं माउस हलला नाही तर पिवळा होतो,
आणि पिवळी मिनिटं पुण्यात कोणीतरी मोजतं.
तिच्या कारखान्यात चेकर मूठभर विड्या छाटून फेकतो
तसंच काहीसं, मी एकदा समजावलं होतं.
तिने पान कापता कापता विचारलं,
"मग लघवीला गेलीस तर?"
पटकन जाते, म्हटलं.

आज साहेब म्हणाले, पाच मिनिटांत येतो, थांब.
पाणी तर थांबत नाही.
अम्माची कंबर गेल्या उन्हाळ्यातच गेली,
एक घागर उचलली तर दोन दिवस आडवी.
मी लॅपटॉपकडे पाहते, नळाकडे पाहते,
ती माझ्याकडे.
"काय बघालीस? जा. मी हलवते की."

सूप बाजूला सारलं.
पदराला हात पुसला, नुसता पुसल्यासारखा.
आणि उंदराची शेपटी धरावी तसा
माउस धरला.

दोन पिंपं, सात घागरी,
मोरीतली टाकी, देवाजवळचा तांब्या,
शेवटी भाताचं पातेलंसुद्धा भरून घेतलं.
ओल्या पायांनी आत आले
तर ठिपका हिरवागार.
अम्मा हातभर मागे सरून बसलेली,
माउस जरा पुढे, जरा मागे, अंगठ्याने एक मुडप,
ओठांत तेलुगू आकडे.
पंचवीस झाले की थांबायची,
दोरा गुंडाळल्यासारखं बोट फिरवायची,
पुन्हा एकपासून.

"तीनशे वर झाले," म्हणाली.
"याचे किती देतात?"

मला उत्तर येत नव्हतं.
तेवढ्यात साहेब आले,
हसून म्हणाले, काय, लागलं का लग्न?
हो सर, म्हणत मी माउस हातात घेतला,
जर्द्याचा झणका थेट नाकात,
आणि शिंकले, अशी की चादरीवरचा मोर हलला.

"चिरंजीव," अम्मा म्हणाली,
सूप मांडीवर ओढता ओढता.
माइक चालूच होता.